कंपवाताची शस्त्रक्रिया : रुग्णाला जागे का ठेवतात?

चहाचा कप उचलला की हात थरथरतो आणि चहा बशीत सांडतो. सही वेडीवाकडी येते, मग बँकेत अडचण होते. चालायला उठले तर पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे वाटते. चेहरा निर्विकार होतो, बोलणे पुटपुटल्यासारखे येते. घरची माणसे म्हणतात, 'वय झालं, आता असं व्हायचंच.' पण ही नुसती म्हातारपणाची खूण नसते. पुष्कळदा तो कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार असतो.

या आजारावर मेंदूत बारीक तार बसवून शस्त्रक्रिया करता येते, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर आलेले आहे. मात्र 'ऑपरेशनच्या वेळी पेशंट जागा असतो' असे कळले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. कवटीला छिद्र पाडणार आणि माणूस शुद्धीवर? काही कुटुंबे या धास्तीनेच माघार घेतात. उलट काही जण 'मशीन बसवले की रोग मुळासकट गेला' अशा समजुतीने शेत विकायला निघतात. ही दोन्ही टोके चुकीची आहेत. या शस्त्रक्रियेत रुग्णाला जागे का ठेवतात आणि मेंदूच्या पेशींचा 'आवाज' ऐकून डॉक्टर योग्य जागा कशी शोधतात, हे समजले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

आजाराचे मूळ

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या मेंदूच्या खोल भागात, देठाजवळ, काळपट रंगाच्या पेशींचा एक लहान पट्टा असतो. त्याला 'सबस्टॅन्शिया नायग्रा' म्हणतात. आपण त्याला कृष्णद्रव्य म्हणू. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, थांबवणे, तिला वेग देणे ही कामे सुरळीत चालण्यासाठी डोपामिन लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्यांतील बऱ्याचशा पेशी आधीच गेलेल्या असतात.

१९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. आजही तेच मुख्य औषध आहे. सुरुवातीची काही वर्षे गोळी उत्तम काम करते. पुढे तिचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. गोळी चढली की माणूस चालतो, उतरली की खांबासारखा थिजतो. गोळीचा अंमल असताना हातपाय, मान आपोआप वळवळतात, हा आणखी एक त्रास. डोस वाढवला तर वळवळ वाढते, कमी केला तर अंग थिजते. अशा कात्रीत सापडलेल्या रुग्णासाठीच मुख्यतः ही शस्त्रक्रिया असते.

कोणत्या पेशी बिघडतात?

डोपामिन कमी झाल्यावर मेंदूत पुढे नेमके काय बिघडते, हे बरीच वर्षे नीट कळत नव्हते. १९८२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एक विचित्र प्रकार घडला. चोरून बनवलेले एक भेसळीचे मादक द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण मुले अचानक कंपवाताच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णांसारखी ताठ होऊन रुग्णालयात आली. डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा त्या द्रव्यातील एमपीटीपी हे रसायन कृष्णद्रव्याच्या पेशी मारते, असे निष्पन्न झाले. मुलांच्या वाट्याला दुर्दैव आले, पण संशोधकांच्या हाती या आजाराची एक किल्ली आली. हे रसायन देऊन माकडांमध्ये कंपवातासारखा आजार निर्माण करता येऊ लागला.

डॉ. मॅहलॉन डीलाँग हे अमेरिकन शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत संकेत नोंदवण्याचे काम आधीपासून करत होते. कंपवात झालेल्या माकडांत कृष्णद्रव्याच्या जवळच असलेले 'सबथॅलॅमिक केंद्र' प्रमाणाबाहेर बडबड करत असल्याचे त्यांच्या गटाला आढळले. १९९० साली त्यांनी, बर्गमन आणि विचमन यांच्यासोबत, पुढचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या केंद्राचे काम थांबवले तर माकडाचा ताठरपणा आणि कंप कमी होतो. मेंदूच्या पेशी ऐकल्यामुळेच शस्त्रक्रियेसाठी नवी जागा सापडली.

ग्रेनोबलची शस्त्रक्रिया

कंपावर मेंदूची शस्त्रक्रिया त्याआधीही होत असे. मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस या केंद्राचा लहानसा भाग जाळून टाकत. त्याने कंप थांबे, पण जळलेला भाग परत येत नसे. फ्रान्समधील ग्रेनोबल शहरात डॉ. अलीम-लुई बेनाबिद हे अशा शस्त्रक्रिया करत. जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना, हे तपासण्यासाठी ते तिथे सौम्य विद्युतप्रवाह देत. सेकंदाला सुमारे शंभर वेळा ठोके दिले की कंप लगेच थांबतो आणि प्रवाह बंद केला की परत येतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग जाळायचे कशाला? हृदयाला पेसमेकर बसवतात तशी तार मेंदूत कायमची ठेवली तर? १९८७ पासून त्यांनी आणि डॉ. पिएर पोलाक यांनी थॅलॅमसमध्ये अशी तार बसवायला सुरुवात केली. डीलाँग यांचे संशोधन आल्यावर १९९३ मध्ये त्यांनी सबथॅलॅमिक केंद्रात तार बसवली. बेनाबिद आणि डीलाँग यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार विभागून मिळाला. भारतात ही शस्त्रक्रिया १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. आज मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली, तिरुवनंतपुरम अशा शहरांत ती होते.

नकाशा असताना अडचण कुठे येते?

कोणी विचारील, आता एम.आर.आय. आहे, मेंदूचा कोपरान् कोपरा चित्रात दिसतो, मग शोधाशोध कशासाठी?

अडचण मापाची आहे. सबथॅलॅमिक केंद्र पावट्याच्या लहान दाण्याएवढे असते. त्यातही हालचालींशी संबंधित भाग एका बाजूलाच असतो. उरलेला भाग विचार आणि भावना यांच्याशी जोडलेला असतो. शेजारी हातापायांना हुकूम नेणाऱ्या तंतूंचा जाडजूड पट्टा, संवेदना नेणारे तंतू आणि डोळे फिरवणाऱ्या नसा असतात. तार दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर कंप थांबण्याऐवजी तोंड वाकडे ओढले जाईल, हाताला मुंग्या येतील किंवा बोलणे जड होईल.

दुसरी गोष्ट अशी, की कवटीला छिद्र पाडल्यावर मेंदूभोवतीचे पाणी थोडे बाहेर येते, हवा आत जाते आणि मेंदू किंचित खाली बसतो. सकाळी काढलेल्या चित्रातली जागा आणि दुपारची खरी जागा यांत थोडा फरक पडू शकतो.

बोअर मारताना आपण काय करतो? जागा आधी ठरवलेली असतेच. पण गाडीवाला वर येणाऱ्या चुऱ्याकडे लक्ष ठेवून असतो. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, आता ओल आली, हे तो चुऱ्यावरून सांगतो. मेंदूचे सर्जनही तसेच करतात. फरक इतकाच, की इथे चुरा नसतो, पेशींचा आवाज असतो.

पेशी बोलते कशी?

मेंदूतील प्रत्येक चेतापेशी अतिशय सूक्ष्म विजेच्या ठिणग्या सोडते. बाहेरून नोंदल्यास एका ठिणगीची ताकद व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. ती टिपण्यासाठी टंगस्टन किंवा प्लॅटिनम-इरिडियमची तार वापरतात. तिचे टोक केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असते. हिला मायक्रोइलेक्ट्रोड म्हणतात. तिने टिपलेला संकेत हजारो पटींनी मोठा करून पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवतात आणि स्पीकरवर ऐकवतात. शरीरशास्त्रज्ञ डेनिस आल्ब-फेसार या विदुषी आणि सर्जन जेरार गियो यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिस परिसरात, शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या मेंदूतील पेशी अशा रीतीने नोंदवण्याचा पाया घातला.

सर्जन ठरलेल्या जागेच्या सुमारे १० ते १५ मिलिमीटर वर थांबतात. तिथून ही तार अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांनी खाली नेतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून ऐकतात. सुरुवातीला थॅलॅमसचा भाग लागला तर तुरळक टकटक ऐकू येते, मधूनच ठोक्यांचा एखादा झुपका येतो. त्याखाली बऱ्यापैकी शांतता असते. मग अचानक स्पीकर भरून जातो. पत्र्याच्या छपरावर वळवाचा पाऊस कोसळावा तसा दाट, अनियमित आवाज येऊ लागतो. हेच सबथॅलॅमिक केंद्र. चार-पाच मिलिमीटर हा पाऊस चालला तर तार केंद्राच्या भरदार भागातून जात आहे, असा अंदाज बांधतात. एखादा मिलिमीटरच लागला, तर ती कडेने निसटते आहे असे समजावे. आणखी खाली गेले की पुन्हा थोडी शांतता लागते. नंतर जलद पण एकसुरी, नियमित टकटक सुरू होते. ते कृष्णद्रव्य होय. म्हणजे केंद्राचा तळ मागे पडला.

कित्येक रुग्णालयांत एकाच वेळी तीन किंवा पाच समांतर तारा सोडतात. एक मधोमध आणि बाकीच्या दोन-दोन मिलिमीटर अंतरावर. त्यांपैकी कोणत्या वाटेवर आवाज सर्वांत चांगला आहे, हे पाहून कायमची तार त्या वाटेने बसवतात.

इथे रुग्णाची मदत लागते

नुसत्या आवाजावर काम संपत नाही. ऐकू येणारी पेशी हालचालीशी संबंधित आहे का, हे पाहायचे असते. डॉक्टर रुग्णाचे मनगट, कोपर, गुडघा हळूहळू हलवतात. एखाद्या हालचालीबरोबर स्पीकरवरचा आवाज वाढला की ती पेशी त्या सांध्याशी जोडलेली आहे, असे कळते. काही पेशी तर रुग्णाच्या कंपाच्याच तालावर, सेकंदाला चार ते सहा वेळा, ठोके देताना सापडतात. हाताचा कंप आणि स्पीकरचा ठोका एकाच लयीत चालतो.

यानंतर त्या जागी प्रवाह देऊन चाचणी घेतात. मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाचे मनगट वाकवून पाहतात. ताठरपणा गेला का? कंप थांबला का? मग रुग्णाला बोलायला लावतात, अंक म्हणायला सांगतात, मुठी उघडझाप करायला लावतात. प्रवाह वाढवत विचारतात, 'हाताला मुंग्या येतात का? डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं का? तोंड ओढल्यासारखं वाटतं का?' या प्रश्नांची उत्तरे रुग्णच देऊ शकतो. त्याला जागे ठेवण्यामागे हेच कारण आहे. गाढ भुलीत ताठरपणा आणि कंप दोन्ही मावळतात, पेशींचा आवाजही मंदावतो आणि प्रश्नाला उत्तर देणारा कोणी उरत नाही.

आता दुखण्याविषयी. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, कारण त्यात वेदना टिपणाऱ्या नसाच नाहीत. दुखते ती डोक्याची त्वचा आणि कवटीवरचे आवरण. तिथे दात काढताना देतात तशी जागेवर भूल देतात. छिद्र पाडताना घरघर ऐकू येते, हादरा जाणवतो. रुग्णाला जास्त त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. डोके चौकटीत पक्के बसवलेले असते आणि काही तास एकाच स्थितीत पडून राहावे लागते. शिवाय पेशींची खरी स्थिती दिसावी म्हणून आदल्या रात्रीपासून कंपवाताची औषधे बंद ठेवतात, त्यामुळे अंग ताठलेले असते. हे सगळे रुग्णाला आधी समजावून सांगितले तर तो धीराने साथ देतो. न सांगता टेबलावर घेतले तर तोच माणूस घाबरा होतो. जागा नक्की झाली की चार किंवा अधिक धातूच्या कड्या असलेली, सव्वा मिलिमीटर जाडीची तार बसवतात. बहुधा दोन्ही बाजूंना अशी तार लागते. त्यानंतर पूर्ण भूल देऊन गळपट्टीच्या हाडाखाली, छातीच्या त्वचेत बॅटरी बसवतात आणि तार त्वचेखालून तिला जोडतात. काही ठिकाणी हा भाग दुसऱ्या दिवशी करतात.

झोपवून करता येत नाही का?

येते. लहान मुले, अंगाला विचित्र पीळ पडणारा डिस्टोनियाचा आजार असलेले रुग्ण, किंवा फार घाबरणारे रुग्ण यांची शस्त्रक्रिया पुष्कळदा पूर्ण भूल देऊनच करतात. एम.आर.आय. यंत्रे सुधारल्यापासून काही रुग्णालये चित्रांवर अधिक भर देतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जागेपणी आणि भुलीखाली अशा दोन गटांची तुलना केली गेली. विचारशक्ती, मनःस्थिती आणि वागणुकीवरील दुष्परिणामांत विशेष फरक आढळला नाही, हालचालींतील सुधारणाही जवळपास सारखीच होती. शिवाय मेंदूत जितक्या जास्त वेळा तारा घालाव्या लागतात, तितका रक्तस्रावाचा धोका वाढतो, असाही एक मुद्दा आहे. त्यामुळे तज्ज्ञांत या विषयावर मतभेद आहेत. आपले डॉक्टर ज्या पद्धतीत मुरलेले आहेत ती पद्धत आपल्यासाठी बहुधा चांगली. पण कोणती पद्धत आणि का, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

फायदा कोणाला होतो?

एक साधा नियम लक्षात ठेवावा. लेव्होडोपाच्या गोळीने जे लक्षण सुधारते, ते शस्त्रक्रियेने सुधारते. गोळीने जे सुधारत नाही, ते सहसा शस्त्रक्रियेनेही सुधारत नाही. याला मुख्य अपवाद कंपाचा. गोळीला दाद न देणारा कंपही पुष्कळदा शस्त्रक्रियेने थांबतो. म्हणून आधी गोळी बंद ठेवून आणि मग गोळी देऊन रुग्णाची चाचणी घेतात.

तोल जाणे, अडखळते बोलणे, विसराळूपणा यांवर या शस्त्रक्रियेचा भरवसा धरू नये. स्मृतिभ्रंश झालेला असेल किंवा तीव्र नैराश्य असेल तर शस्त्रक्रिया टाळतात. कंपवातासारखे दिसणारे, पण त्याहून वेगाने वाढणारे काही आजार असतात, त्यांत तिचा उपयोग होत नाही. म्हणून निदान पक्के होण्यासाठी साधारण चार-पाच वर्षे जाऊ देण्याची पद्धत आहे. आणि मुख्य म्हणजे शस्त्रक्रियेने रोग बरा होत नाही. पेशी मरण्याची क्रिया चालूच राहते. मिळतात ती काही चांगली वर्षे. स्वतःच्या हाताने जेवण्याची, बाहेर पडण्याची, रात्री कुशीवर वळता येण्याची. औषधेही बऱ्याच रुग्णांत बरीच कमी होतात, पण सहसा पूर्ण बंद होत नाहीत.

धोके आणि खर्च

जर्मनी व ऑस्ट्रियातील १५६ रुग्णांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसत्या औषधांपेक्षा शस्त्रक्रियेच्या गटाचे जगणे सहा महिन्यांनी अधिक सुकर झालेले दिसले. पण त्याच गटात मेंदूतील रक्तस्रावाने एक मृत्यूही झाला. गंभीर रक्तस्राव शंभरात एखाद-दोघांना होतो. जंतुसंसर्ग त्याहून थोडा जास्त आढळतो आणि कधी कधी त्यासाठी यंत्र काढावे लागते. खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो, त्यात मोठा वाटा यंत्राचा असतो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, चार्ज होणारी जास्त टिकते पण महाग असते. शस्त्रक्रियेनंतर प्रवाह जुळवून घेण्यासाठी काही महिने वारंवार शहरात जावे लागते. एस.टी.चे भाडे, मुक्काम, सोबतीच्या माणसाचा बुडणारा रोज, हेही हिशेबात धरावे.

पेशी ऐकण्याची कला आता ऑपरेशनच्या खोलीबाहेरही आली आहे. मेंदूत बसवलेली तारच आतले संकेत टिपून प्रवाह आपोआप कमी-जास्त करते, अशा यंत्राला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपवातासाठी मान्यता मिळाली.

वाचकांनी लक्षात ठेवावे असे काही

१. प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. थायरॉइड, घराण्यात चालत आलेला कंप, तसेच चक्कर व उलटीवरच्या काही गोळ्या (उदा. सिनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड) यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा.

२. कंपवाताच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. ते धोक्याचे ठरू शकते.

३. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा असते. त्यांचे चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, नाहीतर डोस दुप्पट होईल.

४. शस्त्रक्रियेचा विचार करताना तीन प्रश्न विचारा. माझे कोणते लक्षण सुधारेल आणि कोणते सुधारणार नाही? इथे अशा किती शस्त्रक्रिया झाल्या आहेत? नंतर यंत्राची जुळवणी कोण आणि कुठे करणार?

५. यंत्र बसवलेल्या रुग्णाने डायथर्मीचा शेक कधीही घेऊ नये. तारेचे टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते. एम.आर.आय. काढण्यापूर्वी, दात किंवा इतर कोणतेही ऑपरेशन करण्यापूर्वी यंत्राचे ओळखपत्र दाखवावे.

६. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाशी एकदा प्रत्यक्ष बोला. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारख्या संस्थांच्या मेळाव्यांत अशी माणसे भेटतात.

११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. पण घरातल्या कोणाचा हात थरथरत असेल तर एप्रिलची वाट पाहू नका. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका आणि शस्त्रक्रियेच्या नावाने घाबरूनही जाऊ नका. आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडून निदान करून घ्या. बहुसंख्य रुग्णांचे औषध, व्यायाम आणि घरच्यांचा आधार यांवर बरीच वर्षे चांगले चालते. ज्या थोड्यांना शस्त्रक्रिया लागेल, त्यांनी टेबलावर आपल्याला जागे का ठेवले आहे हे समजून जावे. त्या तासांत डॉक्टरांना योग्य जागा दाखवण्यात त्यांचाही वाटा असतो.